नऊ वर्षांच्या मुलीची पहिली एअर रायफल: नाशिकमधलं एक प्रकरण

मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. उंची 131 सेंटिमीटर, वजन 26 किलो. वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये कामाला, आई शिक्षिका. राहायला सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर. घरात चार वर्षांचा धाकटा भाऊ. आजोबांची, म्हणजे आप्पांची, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. मुलीचं नाव इथे देत नाही. घरच्यांना विचारून आणि त्यांनी वाचल्यावरच हे पुढे ठेवते आहे.

मी नाशिकच्या एका लहानशा रेंजवर नवशिक्या मुलांना नेमबाजी शिकवते. 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवलं, आणि त्यानंतर आमच्याकडे चौकशा एकदम वाढल्या. स्वप्नील मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण क्रीडा प्रबोधिनीत असताना नेमबाजीचे धडे त्यानं नाशिकला गिरवले, त्यामुळे इथल्या लोकांना तो आपलाच वाटतो. या मुलीनं तो सामना टीव्हीवर पाहिला आणि वडिलांच्या मागे लागली.

वडील पहिल्यांदा आले तेच मोबाइलमध्ये फोटो घेऊन. मधोमध मोडायची, जाड स्प्रिंगची, वर दुर्बीण लावलेली रायफल. खाली जाहिरातीत वेग लिहिलेला, सेकंदाला 1000 फूट. म्हणाले, "मॅडम, शनिवारी घेऊनच टाकतो. जरा मोठी आहे, पण वाढत्या अंगाची बरी. पाच-सहा वर्षं बघायला नको."

वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, कारण बाही दुमडता येते. रायफलचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, दुमडता येत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की शनिवारी दुकानात जाण्याआधी मुलीला घेऊन इथे या, सोबत तिच्या आईलाही आणा.

बंदूक कशासाठी हवी?

शनिवारी चौघे आले. आप्पाही होते, ते नेमके नाशिकला आलेले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं.

वडिलांना खेळ हवा होता. जिल्हा, राज्य, पुढे जमलं तर त्याहून मोठं काही. मुलीला कागदावर भोक पाडायचं होतं, "अगदी मधोमध". आप्पांना वाटत होतं की पोरीची हौसही होईल आणि बागेतली पाखरंही उठतील. द्राक्षात साखर भरायला लागली की बुलबुल, साळुंक्या, पोपट घडांवर तुटून पडतात, आणि ज्याची बाग आहे त्यालाच ते दुःख कळतं. आईनं उत्तर दिलं नाही. तिनं उलट विचारलं, "घरात आणायचीच कशाला?"

पहिली रायफल निवडताना माझ्या मते सगळं इथेच ठरतं. कागदावर नेम धरायची रायफल आणि शेतात न्यायची बंदूक एकच असू शकत नाही. तांत्रिकदृष्ट्या ओढूनताणून जमेलही, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात नळीसमोर काय येऊ शकतं याचा एकच नियम बसला पाहिजे. सोमवारी कागद आणि रविवारी बुलबुल, अशा घरात मुलाला कोणताही नियम पक्का करता येत नाही.

शिवाय बुलबुल, साळुंकी किंवा पोपट मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग बाग स्वतःची असो नाहीतर आणखी कुणाची. अरुणाचल प्रदेशात एअरगननं पाखरांचा एवढा संहार होत होता की 2021 मध्ये तिथे लोकांकडून एअरगन जमा करून घेण्याची मोहीम सुरू करावी लागली. आप्पांच्या तर तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा. मी हे भाषण म्हणून सांगितलं नाही. आप्पांना मध्यमेश्वर माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मुलाकडे बघून म्हणाले, "मग तिच्या हातात बंदूक देऊन बागेत आणू नका. जाळीचं मी बघतो." पुढच्या हंगामात त्यांनी खरोखर घडांवर जाळी टाकली. खर्च झाला, त्याबद्दल ते आजही बोलतात.

वडिलांचं गणित

वडिलांना शब्दांनी पटवण्यापेक्षा आकडे समोर ठेवणं सोपं होतं, कारण माणूस टूलरूमचा.

आपल्याकडे 2016 च्या शस्त्र नियमांनुसार एअर रायफलचा छर्रा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा नसेल आणि नळीतून बाहेर पडताना त्याची ऊर्जा 20 जूलच्या वर जात नसेल, तर तिला परवाना लागत नाही. जाहिरातीतला सेकंदाला 1000 फूट म्हणजे साधारण 305 मीटर. नेहमीचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखर या वेगानं सुटला तर ऊर्जा 23 जूलच्या आसपास येते. हिशेब त्यांनीच पाकिटाच्या मागे मांडला आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हणजे एकतर ती रायफल मर्यादेबाहेरची, किंवा तो वेग खूप हलक्या छर्ऱ्यानं मोजलेला. बहुतेक वेळा दुसरंच खरं असतं. दोन्ही बाबतींत तो आकडा बघून मुलासाठी रायफल घेण्यात काही अर्थ उरत नाही.

ऑलिम्पिकमधल्या 10 मीटर एअर रायफलचा वेग सेकंदाला 170 ते 175 मीटर असतो, ऊर्जा साडेसात-आठ जूल. 2008 मध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्ण जिंकलं ते एवढ्याच ताकदीच्या रायफलीवर. 10 मीटरवरच्या कागदाला याहून जास्त काही लागत नाही. टार्गेटचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचारचा, त्यामुळे प्रश्न सगळा स्थिरतेचा आहे, जोराचा नाही.

जोरदार स्प्रिंगची किंमत मुलाला दोनदा मोजावी लागते. नळी मोडून स्प्रिंग ताणायला अशा रायफलीत 15 किलोच्या वर जोर लागतो. 26 किलोची मुलगी तो लावताना अख्ख्या अंगानं नळीला लटकते, आणि त्या क्षणी नळीचं तोंड कुठे आहे, बोट कुठे आहे, याकडे तिचं लक्ष राहूच शकत नाही. छर्रा भरताना हातातून नळी सुटली तर ती फाटकन वर येते, बोटं चेंगरतात. मग चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे सुटतो आणि रायफल आधी मागे, मग पुढे असा झटका देते. छर्रा अजून नळीतच असतो. मोठ्या माणसाला हा झटका सांभाळायला वर्ष लागतं. मूल दोन आठवड्यांत चाप ओढताना डोळे मिटायला शिकतं आणि ती सवय पुढे काही केल्या जात नाही.

दुर्बिणीबद्दलही वडिलांचा आग्रह होता. दुर्बिणीत डोळा ठरावीक अंतरावर आणि मधोमध लागतो. दस्ता लांब असेल तर लहान मूल मान ताणून तिथे पोचतं. शिवाय स्प्रिंगच्या दुहेरी झटक्यानं स्वस्त दुर्बिणी हलतात, आणि मग चुकतंय कोण, मूल की काच, हे कुणालाच कळत नाही. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून पुढचं वर्तुळ आणि त्यात काळा गोल बघणं, म्हणजे आमची पीप साइट, मुलं पटकन शिकतात. गोलात गोल बसवायचा, बस.

मापं

रेंजवरची मोठ्यांची एक रायफल, रिकामी, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घातलेली, मी तिच्या हातात दिली आणि आईवडिलांना बाजूनं बघायला सांगितलं. फोटोतली रायफल साधारण याच लांबीची होती.

दस्ता खांद्यावर बसेना म्हणून तिनं तो काखेत घेतला. पुढचा हात पूर्ण लांब केला तरी नळी खाली झुकत होती, तेव्हा तिनं पोट पुढे काढलं, पाठ मागे वाकवली आणि डोकं उजवीकडे पाडून गाल दस्त्यापर्यंत नेला. चापापर्यंत बोटाचं जेमतेम टोक पोचत होतं. चेहऱ्यावर मात्र एवढा आनंद की तिला काही टोचत असेल असं वाटूच नये. मुलं तक्रार करत नाहीत, म्हणून बाजूनं बघावं लागतं. आई म्हणाली, "अहो, कमान झालीय तिची."

मोठ्यांच्या रायफलीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंत 35-36 सेंटिमीटर असतात. या उंचीच्या मुलाला 27 ते 30 लागतात. घरी करता येईल अशी साधी चाचणी आहे: कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवायचा, बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात आलं पाहिजे. मनगट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे.

वजनाचं मी एक मोजमाप वापरते. 2020 च्या दप्तर धोरणात दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त नसावं असं म्हटलं आहे. दप्तर तर पाठीवर असतं, रायफल हातात, शरीराच्या पुढे धरायची. 26 किलोच्या मुलीला अडीच किलोच्या वरची रायफल आधाराशिवाय पेलायला लावू नये असं मी धरते. हा नियम माझा आहे, कुठल्या पुस्तकातला नाही. 10 मीटरची चांगली रायफल साडेतीन ते साडेपाच किलोच्या दरम्यान असते, म्हणजे या वयात आधार आलाच.

वडिलांनी पुढच्या आठवड्यात जे केलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांनी प्लायवूडचा दस्ता कापून आणला. नुसता आकार, नळी नाही की काही नाही. मागचा तुकडा खाचेतून पुढेमागे सरकणारा, गालाची पट्टी वरखाली होणारी, दोन्हींना पंखाचे नट. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणासुद्धा कोरलेल्या. आम्ही मुलीला डोळे मिटून तो खांद्याला लावायला सांगायचो, मग डोळे उघडायचे आणि नजर सरळ समोर येते का बघायचं. येईपर्यंत नट ढिले करायचे, सरकवायचे, पुन्हा आवळायचे. 28 सेंटिमीटरवर ती पहिल्यांदा मान न वाकवता उभी राहिली. दुकानात तासभर उभं राहूनही हे माप मिळालं नसतं.

डावा डोळा

मापं चालू असताना एक गोष्ट लक्षात आली. मुलगी उजव्या हातानं लिहिते, उजव्या हातानं चेंडू फेकते, पण दस्ता उजव्या खांद्यावर घेतला की डोकं सारखं दस्त्यावरून पलीकडे जायचं.

दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटा त्रिकोण करायला लावला आणि त्यातून लेनच्या पलीकडचा पाचचा आकडा बघायला सांगितला. मग एकेक डोळा झाकायचा. डावा झाकला तेव्हा आकडा नाहीसा झाला. उजवा झाकला तेव्हा तिथेच होता. पुन्हा पुन्हा केलं, तेच. तिचा मुख्य डोळा, म्हणजे नेम धरताना पुढाकार घेणारा, डावा.

फोटोतल्या रायफलीची गालाची पट्टी उजव्या खांद्यासाठी घडवलेली होती. ती घेतली असती तर मुलगी महिनोन् महिने चुकत राहिली असती आणि घरी सगळ्यांनी तिला एकाग्रता कमी म्हटलं असतं. मी अशी मुलं बघितली आहेत.

मार्ग दोन होते. उजव्या खांद्यावरूनच शिकवायचं आणि डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची, नियमात 30 मिलिमीटर रुंदीपर्यंत चालते. किंवा खांदाच बदलायचा. नवव्या वर्षी शरीराला अजून कसलीच सवय लागलेली नसते, म्हणून मी खांदा बदलायच्या बाजूनं होते. वडिलांना ते अपशकुनासारखं वाटलं, "डावखुरी करायची का तिला?" त्यांना मी प्लायवूडचा दस्ता दोन्ही खांद्यांवर लावून बघायला दिला, मुलीला नाही, त्यांना. मग मुलीनं लावला. डाव्या खांद्यावर तिचं डोकं आपोआप सरळ बसलं. निर्णय तिथेच झाला, आणि दोन्ही बाजूंनी चालणाराच दस्ता हवा हेही.

काय घ्यायचं

हलकी, कमी ताकदीची, स्वस्त स्प्रिंग रायफल हा पहिला पर्याय. ताणायला आठ-दहा किलोंचा जोर पुरतो, तो मोठ्यानं लावायचा. वाईट पर्याय नाही. पण या प्रकारात दस्ता सहसा कमीजास्त होत नाही आणि चाप जड असतो, दोन-तीन किलोंचा. छोट्या बोटानं तो ओढताना अख्खी रायफल बाजूला सरकते. पोलादी गोळ्यांच्या खेळण्यातल्या बंदुका मी विचारातही घेतल्या नाहीत. ती गोळी कठीण पृष्ठभागावरून उसळून मागे येते, आणि खेळणं समजून घेतलेल्या वस्तूनं डोळा गेल्यावर काही करता येत नाही.

दुसरा पर्याय दाबलेल्या हवेच्या टाकीची 10 मीटर रायफल. झटका जवळजवळ नाही, ताणायला बोटभर जोर, चाप हवा तसा लावता येतो. प्रेसिहोलसारखी देशी कंपनी अशा रायफली बनवते. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, आन्शुट्झ या जर्मन कंपन्यांच्या तर मुलांसाठी वेगळ्या आखूड रायफली आहेत. किंमत मात्र नव्या जर्मन रायफलीची लाखाच्या पुढे, आणि मूल दर वर्षी वाढणार.

तिसरा, काहीच न घेणं. रेंजची रायफल वापरायची.

मी तिसरा सुचवला आणि घरच्यांनी मान्य केला. जर्मनीत नेमबाजीचे क्लब गल्लोगल्ली आहेत, तिथेही एअर रायफल साधारणपणे बाराव्या वर्षापासून हातात येते, तीही पालकांच्या संमतीनं आणि देखरेखीखाली. त्याआधीची मुलं प्रकाशाच्या, म्हणजे छर्ऱ्याऐवजी प्रकाशकिरण सोडणाऱ्या, रायफलीवर शिकतात. आपल्याकडे ती सोय सहज मिळत नाही, म्हणून नवव्या वर्षी सुरुवात करायची तर आधाराची, देखरेखीची आणि थोड्या वेळाची करावी असं माझं ठाम मत आहे. वडील जरा हिरमुसले. मुलीला काही फरक पडला नाही, तिला भोक पाडायचं होतं.

पहिले महिने

सुरुवात स्टुलावर बसून, टेबलावर वाळूच्या पिशवीच्या आधारानं. समोर टार्गेट नव्हतं, कोरा पांढरा कागद. कुठेही लागू दे, पण सगळी भोकं जवळजवळ आली पाहिजेत. गुण नाहीत म्हटल्यावर मूल गुणांच्या मागे धावत नाही, चाप कसा ओढला याकडे बघतं.

रेंजच्या रायफलीचा चाप मी मुद्दाम जड करून दिला, अर्ध्या किलोच्या आसपास. स्पर्धेतले नेमबाज तो 100 ग्रॅमच्या खाली ठेवतात. मुलाच्या हातात तो तसा दिला तर बोट टेकताच छर्रा सुटतो, आणि बोट केव्हा टेकवायचं हे शिकण्याआधी असं झालं की भीती बसते किंवा बेफिकिरी येते.

एका वेळी वीस-तीस छर्रे, वीसेक मिनिटं, मग थांबायचं. "अजून पाच, मॅडम" याला उत्तर नाही. थकलेला खांदा चुकीचं शिकतो.

छर्रे चपट्या तोंडाचे, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडणारे. एकदा तिनं पुढचा छर्रा ओठात धरून ठेवला, कुणाचं तरी बघून. मी तिथल्या तिथे सगळं थांबवलं. छर्रा शिशाचा असतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं आहे की रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. मुलांच्या मेंदूला त्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. तेव्हापासून साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. छर्रे झेलणारी पेटी मोठ्यांनीच रिकामी करायची, आणि खालची जमीन झाडूनं न झाडता ओल्या फडक्यानं पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही. कथलाचे बिनशिशाचे छर्रेही मिळतात, महाग पडतात. ज्या घराला परवडत असेल त्यांनी मुलासाठी तेच घ्यावेत.

घरी सराव होता तो प्लायवूडच्या दस्त्याचा. खांद्याला लावायचा, श्वास सोडायचा, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघायचं, खाली ठेवायचा. धाकट्यानंही तो उचलला, आणि आईनं आम्हाला जे सांगितलं त्यावरून पुढचा सगळा विषय ठरला. त्यानं तो उचलून पहिल्यांदा ताईवरच रोखला.

आईच्या अटी

आईनं कागदावर लिहून आणल्या. खरी रायफल घरी येणार नाही, रेंजवरच्या कुलूपबंद कपाटात राहील. छर्रे वेगळ्या कपाटात. स्पर्धेच्या आदल्या रात्री आणावीच लागली तर गोदरेजच्या कपाटात, किल्ली आईकडे, वडिलांकडेही नाही. प्लायवूडचा दस्ताही माणसाकडे रोखायचा नाही, धाकट्यानंही नाही, आणि रोखला तर आठवडाभर माळ्यावर. गच्चीवर सराव नाही. गावी न्यायची नाही.

गच्चीबद्दल वडील थोडे अडले. पाण्याच्या टाक्यांमागे दहा मीटर सहज निघतात, भिंतीला लाकडी फळी लावू म्हणाले. मी आईच्या बाजूनं बोलले. छर्रा चुकला तर दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो आणि सिडकोत त्या अंतरात किती खिडक्या, किती गच्च्या येतात ते त्यांनाच मोजायला सांगितलं. लाकडावरून तर छर्रा परत उलटून येतो. संक्रांतीला सगळ्या गच्च्यांवर पोरं पतंग घेऊन असतात, हे आईनं जोडलं. विषय मिटला.

मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हा आहे. सुरुवातीला आईकडे घरातला विरोध म्हणून बघितलं जात होतं. तिचा प्रश्न पहिल्याच दिवशी बरोबर होता आणि रायफल कुठे ठेवायची याचं उत्तर त्यातूनच निघालं.

खरेदी, आणि टाकीवरून वाद

आधारावरून तिचे छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील इतके जवळ येऊ लागले आणि तरीही तिचा कंटाळा दिसेना, तेव्हा खरेदीचा विषय मीच काढला. रेंजवरच्या एका मोठ्या झालेल्या मुलाची आखूड जर्मन रायफल त्याला लहान पडली होती. दस्ता दोन्ही खांद्यांना चालणारा, मागचा भाग 28 सेंटिमीटरपर्यंत आत जाणारा. पुढची वजनं काढली की साडेतीन किलोच्या जरा वर. मुलांच्या चांगल्या रायफली अशाच एकाकडून दुसऱ्याकडे जाव्यात, नाहीतर दर दोन वर्षांनी नवी घेणं कुणाला परवडणार?

खरेदी वडिलांच्या नावानं झाली. पावती, ओळखपत्राची प्रत, रायफलचा क्रमांक, सगळं एका फाइलीत. परवाना लागत नाही म्हणून कागद लागत नाहीत असं नाही. रायफल गाडीतून नेताना कुणी विचारलं तर दाखवायला हेच असतं.

अडलं ते टाकीवर. हवेच्या टाकीवर तारीख कोरलेली असते, त्या टाकीची दहा वर्षांची मुदत संपत आली होती. वडील म्हणाले, "टाकी ठणठणीत आहे, मॅडम. मी आमच्याकडे प्रेशर टेस्ट करून आणतो." त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नव्हती. पण त्या टाकीत हवेचा दाब 200 बारपर्यंत असतो आणि ती टाकी मुलीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर येते. स्पर्धेतही मुदतीतली टाकी ही नेमबाजाची जबाबदारी मानतात. मी नवी टाकी आल्याशिवाय रायफल लेनवर घेणार नाही असं सांगितलं. आठ-दहा दिवस ते बोलले नाहीत. मग नवी टाकी आली. ती भरायचं काम फक्त त्यांचं, मुलीनं पंपाला हात लावायचा नाही.

सध्या

मुलगी आता स्टँडच्या आधारानं उभी राहून मारते, डाव्या खांद्यावरून. मधल्या काळात उंची वाढली, दस्ता साडेएकोणतीसवर आला. माप आधी प्लायवूडवर घेतलं, मग रायफलीवर. काळा गोल असलेलं टार्गेट लावायला लागलो आहोत, पण गुण मी घरी सांगत नाही. तिला विचारलं तर ती सांगते, तो तिचा हक्क.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. स्टँड केव्हा काढायचा? वडिलांचं म्हणणं, जिल्ह्याच्या स्पर्धेत आधार चालत नाही तर लवकर काढू. मी तिच्या वजनाकडे बघते आहे. ती 29 किलोची झाली आहे, रायफल साडेतीनची. पाच-सात छर्रे आधाराशिवाय मारून बघायला हरकत नाही, आणि तेवढं आम्ही सुरू केलं आहे, प्रत्येक छर्ऱ्यानंतर रायफल खाली ठेवून. पूर्ण सराव आधाराशिवाय करायला अजून वेळ आहे. पाठीचा कणा वाढत असताना पोट पुढे काढून उभं राहायची सवय लागली तर ती पुढे पदकं देणार नाही, पाठदुखी देईल. या बाबतीत माझं आणि वडिलांचं एकमत झालेलं नाही, आणि ते तसंच इथे नोंदवते आहे.

नेमबाजीच्या जाड जॅकेटबद्दलही त्यांनी विचारलं. ते अंगाबरोबर शिवावं लागतं, सहा महिन्यांत लहान पडतं, आणि कंबरेचे स्नायू जे काम शिकायला हवेत ते काम जॅकेट करतं. सध्या नको म्हणून सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा मापं घ्यायची आहेत. प्लायवूडच्या दस्त्याची सरकती खाच संपत आली आहे, तेव्हा त्याआधी वडील नवा कापून आणणार आहेत.